मठारलेली की आरशासारखी? हातघडणीच्या चांदीच्या भांड्यांची निवड

जेवणासाठी हातघडणीची चांदीची भांडी घ्यायची असे ठरल्यावर शुद्धतेचा प्रश्न फारसा अडत नाही, कारण ९९९ ची, म्हणजे जवळजवळ शुद्ध चांदी रोजच्या ताटलीला मऊ पडते आणि बहुतेक कारागीर ९२५ चे स्टर्लिंगच, म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी आणि उरलेले बहुधा तांबे असलेला मिश्रधातू, हाती घेतात. पेच पडतो तो पृष्ठभागाबाबत. हातोडीचे ठोके उघड ठेवणारे मठारकाम घ्यावे, की ठोके पूर्ण घासून आरशासारखी जिल्हई दिलेले भांडे घ्यावे? मी दोन्ही वापरली आहेत आणि दोन्हींविषयी मला आदर आहे.

माझी पहिली ताटली जिल्हईची होती. असे काम साधणे सोपे नसते, हे आधी मान्य करायला हवे. पत्रा वारंवार तापवून मऊ करताना स्टर्लिंगमधील तांबे पृष्ठभागाखाली ऑक्सिजनशी संयोग पावते आणि तेथे करडी सावली उमटते. आरशासारख्या भांड्यावर ती सावली किंवा एखादा पोचा लपत नाही. म्हणून निर्दोष जिल्हई दिसली, तर कारागिराचा हात चांगला आहे असे समजायला हरकत नाही.

अडचण सुरू झाली ती एका ओरखड्याने. दुसरी ताटली वर ठेवताना मध्ये कचकचीचा एखादा कण राहिला असावा. तो ओरखडा काढण्यासाठी मी तेवढीच जागा घासली, तर तिची झळाळी भोवतालच्या भागापेक्षा वेगळी दिसू लागली. मग सगळी ताटली घासली. काही दिवसांनी सुरीची नवी रेघ उमटली आणि पुन्हा तेच करावे लागले. पॉलिशने घासताना दर वेळी चांदीचा सूक्ष्म थर निघून जातो, हे मनात असल्यामुळे मी ती ताटली हळूहळू कापडात गुंडाळून कपाटात ठेवू लागलो. वापरण्यासाठी घेतलेली वस्तू जपण्यापुरतीच उरली, ही गोष्ट मला फार लागली, आणि माझा कौल तिथेच ठरला.

मठारलेल्या वाडग्यावर ओरखडे पडत नाहीत असे नाही. पण प्रत्येक ठोक्याची खळी उजेड वेगळ्या दिशेला फेकते, त्यामुळे नवी रेघ त्या खेळात विरून जाते, आणि वर्षभराच्या वापरानंतर माझा वाडगा मला पहिल्यापेक्षा अधिक देखणा वाटतो. पूर्वी हे ठोके घासून मिटवण्याकडेच कल असे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हस्तकलेच्या पुनरुज्जीवनाच्या चळवळीत ते अभिमानाने दिसू लागले, आणि १९०४ मध्ये कोपनहेगनला सुरू झालेल्या डॅनिश चांदीकारागीर जॉर्ज जेन्सन यांच्या कार्यशाळेने मंद ठोक्यांचा पृष्ठभाग लोकप्रिय केला.

मठारकामाचाही एक त्रास आहे: पॉलिशची पांढुरकी पूड खळ्यांत सुकून बसते, ती मऊ ब्रशने आणि कोमट पाण्याने काढावी लागते. काळेपणा घालवण्यासाठी भांडे अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर गरम सोड्याच्या पाण्यात बुडवण्याचा उपाय मी टाळतो, कारण त्याने खळ्यांतील काळसर छटाही निघून जाते आणि पृष्ठभाग सपाट भासतो. अंडे, मोहरी किंवा रबर यांच्या सान्निध्याने काळे पडणे मात्र दोन्हींना सारखेच, आणि ओलसर मीठही दोन्हींना सारखेच खाते. मीठदाणीला आतून सोन्याचा मुलामा हवा तो याचसाठी.

घेताना खळ्या नीट पाहाव्यात. हाताचे ठोके एकमेकांवर थोडे चढलेले आणि आकाराने किंचित कमीजास्त असतात. साच्याने उठवलेली नक्षी ठरावीक अंतराने पुन्हा येते. क्वचित बाहेर काढायच्या तबकाला किंवा सुरईला जिल्हई मला आजही अधिक शोभते असे वाटते. ताटली, वाडगा आणि पेला यांसाठी मी मठारकामच सुचवेन. चमच्यात मात्र ठोके दांड्यापुरते असावेत आणि तोंडाला लागणारा भाग अगदी गुळगुळीत असावा.