डेबियन १३ आणि चार जीबी रॅम: काही महिने वापरल्यावर, मुख्यतः /टेम्पबद्दल

डिस्कवर दीडशे जीबी मोकळी पडलीय आणि मशीन म्हणतंय ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’. हा एरर आला नसता तर हा रिव्ह्यू मी लिहिलाच नसता, कारण बाकी सगळं इतकं निमूट चाललंय की लिहिण्यासारखं काही नव्हतंच.

मशीन काय आहे ते पटकन सांगतो. सातव्या जनरेशनचा आय-फाइव्ह, चार जीबी रॅम, कीबोर्ड धड, स्क्रीन धड. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि किमान आठवी जनरेशन लागते, म्हणून दुकानदार म्हणाला भंगारात काढा नि नवीन घ्या. का म्हणून? २४० जीबीची एसएसडी घातली आणि डेबियन १३ हे लिनक्स टाकलं, एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप. पुढे चार्जिंगचा पोर्ट ढिला झाला तर त्याच दुकानात ऐकून घ्यावं लागलं की ‘लिनक्स टाकलंय ना, आता आम्ही बघत नाही’. पोर्टचा आणि लिनक्सचा काय संबंध ते त्यालाच माहीत. दुसरीकडे नेला, रेण लावून मिळालं, काम झालं.

लॅपटॉपवर मुख्य काम आमच्या वाचनालयाचं. जुने अंक, इतिवृत्तांच्या वह्या स्कॅन करायच्या आणि त्यांचं ओसीआर (चित्रातून मजकूर काढणं) करायचं म्हणजे शोधता येतं. यासाठी ओसीआरमायपीडीएफ आणि टेसरॅक्टचं मराठी पॅकेज, दोन्ही डेबियनच्या भांडारातच आहेत आणि फुकट आहेत. (कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहितोय, टाइप करताना सगळं इंग्रजी छोट्या अक्षरांत.) छापील मजकूर बऱ्यापैकी उचलतं, ‘घ’ आणि ‘ध’ मध्ये गोंधळ होतो, जोडाक्षरं कधी फोडतं, पण शोधायला पुरतं. हे बघून मी इतका खूष होतो की पहिले काही आठवडे भेटेल त्याला दाखवत सुटलो होतो.

मग एका जाड खंडाला लावलं, चारशेच्या वर पानं, रंगीत स्कॅन, आणि मध्येच आडवं झालं. ग्रंथपाल अण्णा शेजारी बसलेले, ते म्हणाले, “अरे जागा नाही म्हणतंय तर पेनड्राइव्ह लाव ना!” त्यांचं चुकीचं नव्हतं, एरर वाचून कोणीही तेच म्हणेल. पण ‘डीएफ हायफन एच’ मारलं तेव्हा कळलं की डिस्क मोकळीच आहे, भरलीय ती /टेम्प (तात्पुरत्या फाइलींचा फोल्डर, टाइप करताना tmp), आणि तिच्यापुढे लिहिलंय टेम्पएफएस, साइज १.९ जीबी, वापर शंभर टक्के.

तर प्रकार असा. डेबियन १३ पासून /टेम्प हा डिस्कवरचा फोल्डर राहिलेला नाही, तो रॅममध्ये असतो आणि त्याला जास्तीत जास्त निम्मी रॅम मिळते. चार जीबीवर म्हणजे दोनच्याही आत. आता हिशोब करा, ए-फोर पान ३०० डीपीआयला रंगीत म्हणजे साधारण २४८० गुणिले ३५०८ पिक्सेल, प्रत्येकी तीन बाइट, म्हणजे एक पान उघडं केलं की २६ एमबी. दाबून अर्धं झालं तरी चारशे पानांचे पाच जीबी. ओसीआरवालं प्रोग्राम मधल्या सगळ्या फाइली /टेम्पमध्ये ठेवतं आणि काम संपल्यावर पुसतं, तोपर्यंत त्या तिथेच. वर तीच रॅम ब्राउझरलाही हवी, त्यामुळे स्वॅप (रॅममधलं डिस्कवर हलवणं) सुरू होऊन माउससुद्धा अडखळायला लागतो, आणि माणसाला वाटतं एसएसडी गेली.

इन्स्टॉलर टाइमझोन विचारतो, कीबोर्ड विचारतो, प्रॉक्सी विचारतो, पण ‘बाबा तुझी रॅम चारच जीबी आहे, /टेम्प कुठे ठेवू’ एवढं विचारत नाही. रिलीज नोट्समध्ये लिहिलंय, बरोबर, पण रिलीज नोट्स अपग्रेड करणारे वाचतात, जुन्या लॅपटॉपवर पहिल्यांदा टाकणारा कुठून वाचणार.

इलाज दोन आहेत. तात्पुरता म्हणजे घरच्या फोल्डरमध्ये एक ‘काम’ नावाचा फोल्डर करायचा आणि कमांडच्या आधी टीएमपीडीआयआर, बरोबरचं (=) चिन्ह आणि त्याचा पत्ता असं लिहायचं (नाव सगळं मोठ्या अक्षरांत, बरोबरच्या चिन्हाच्या आजूबाजूला स्पेस नाही), तेवढ्या एका कमांडपुरतं सगळं डिस्कवर जातं. कायमचा म्हणजे ‘सुडो सिस्टिमसीटीएल मास्क टेम्प डॉट माउंट’ (सुडो म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराने, मास्क म्हणजे ते सुरूच होऊ न देणं) आणि रीस्टार्ट, की /टेम्प परत साधा फोल्डर. मी दुसरा केला आणि त्या रात्री तो खंड पूर्ण झाला.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं आणि शीर्षकात चक्क शिव्या होत्या. नंतर थोडं वाचलं तेव्हा राग अर्धा उतरला. फेडोरा (दुसरं एक लिनक्स) वाले हे फेडोरा १८ पासून करतायत, म्हणजे डेबियननेच काही जगावेगळं केलेलं नाही. रॅममध्ये असल्याने छोट्या फाइली झटपट होतात, एसएसडीवर लिहिणं कमी होतं, आणि बंद केलं की कचरा आपोआप साफ. सोळा जीबीवाल्याने याला हातही लावू नये. आठवाल्याने काम बघून ठरवावं. चारवाल्याने मात्र पहिल्याच दिवशी मास्क करावं, यावर मी ठाम आहे. आणि अजून एक, नव्याने इन्स्टॉल केलेल्या सिस्टिमवर /टेम्पमधली दहा दिवसांपेक्षा जुनी आणि /व्हार/टेम्पमधली तीस दिवसांपेक्षा जुनी फाइल आपोआप उडते, मास्क केलं तरी. त्यामुळे ‘जरा इथे टाकून ठेवतो’ ही सवय असेल तर सोडा. १२ वरून अपग्रेड करून आलात तर उलटा त्रास, जुन्या /टेम्पमधल्या फाइली नव्याच्या खाली झाकल्या जातात, दिसत नाहीत पण डिस्कवर जागा अडवून बसतात.

रॅमच वाढव की, असं म्हणणारे येतीलच. २०२५ च्या अखेरपासून रॅमचे भाव बघितलेत का? त्यापेक्षा झेडरॅम टूल्स हे पॅकेज घातलं, रॅमचाच एक भाग दाबून स्वॅपसारखा वापरतं, सेटिंगच्या फाइलमध्ये झेडएसटीडी (दाबायची पद्धत) आणि पन्नास टक्के केलं. फरक जाणवतो. शून्य रुपये.

आता सुडोचं. डेबियन इन्स्टॉल करताना रूटचा (सगळे अधिकार असलेल्या खात्याचा) पासवर्ड विचारतो. तिथे काही लिहिलं की तुमच्या नेहमीच्या युजरला सुडो मिळत नाही, आणि पहिल्याच कमांडला ‘हा युजर सुडोअर्समध्ये नाही’ म्हणून झापतो. रिकामं सोडलं तर रूट बंद राहतं आणि तुम्हाला सुडो मिळतं. घरगुती वापराला रिकामं सोडा. आधीच भरून बसला असाल तर ‘एसयू हायफन’ करून ‘ॲडयुजर, तुमचं नाव, सुडो’ आणि मग लॉगआउट करून परत लॉगिन. त्या हायफनकडे लक्ष द्या, नुसतं ‘एसयू’ केलं तर रूटचा पाथ (कमांड कुठे शोधायच्या ती यादी) मिळत नाही आणि ‘ॲडयुजर’ सापडतच नाही म्हणतो, आणि लोक तासन्‌तास पॅकेज गायब झालं समजून शोधत बसतात.

सुरक्षेचं फार अवघड नाही. फायरवॉल चालू नसते, यूएफडब्ल्यू हे फायरवॉलचं पॅकेज घालून ‘सुडो यूएफडब्ल्यू एनेबल’ करा, बाहेरून येणारं सगळं बंद होतं, आपलं ब्राउझिंग चालू राहतं. मशीनवर कोण कान लावून बसलंय ते ‘सुडो एसएस हायफन टीयूएलपीएन’ने दिसतं, माझ्याकडे प्रिंटरचं पोर्ट ६३१ आणि अवाही (नेटवर्कवरची उपकरणं शोधणारं) एवढंच निघालं. इन्स्टॉलरमध्ये एसएसएच (दुसऱ्या मशीनवरून लॉगिन) सर्व्हरची खूण गरज नसेल तर करूच नका. गरज असेल तर ईडी२५५१९ प्रकारची की (चावीची फाइल) बनवून पासवर्डने लॉगिन बंद करा. अनअटेंडेड अपग्रेड्स घाला, सुरक्षेचे अपडेट आपोआप येतात, ज्या मशीनवर अण्णा बसणार तिथे तर हवंच. लॅपटॉप बाहेर नेत असाल तर इन्स्टॉल करतानाच एन्क्रिप्टेड एलव्हीएम (डिस्क कुलूपबंद करायचा पर्याय) निवडा, नंतर करायचं म्हणजे परत पहिल्यापासून. डिस्कवर रँडम डेटा लिहायला तो भरपूर वेळ घेतो, नव्या कोऱ्या डिस्कवर ते रद्द करून पुढे जाता येतं.

आणि आयएसओ (इन्स्टॉलची फाइल) उतरवल्यावर ‘एसएचए५१२सम’ मारून आकडा जुळवा, शक्य असेल तर डिजिटल सहीसुद्धा तपासा. कंटाळवाणं आहे, मान्य. पण फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंटच्या साइटवर घुसून १७.३ सिनॅमनच्या आयएसओच्या जागी मागचं दार ठेवलेली फाइल दिली गेली होती. नुसता आकडा त्याच साइटवरून घेतला तर चोर तोही बदलू शकतो, म्हणून सही.

याहून मोठा वैताग म्हणजे नेटवर मिळणारे सल्ले. काही चालेना की ‘चेमॉड ७७७ मारा’, म्हणजे सगळ्यांना सगळी परवानगी. अरे, त्याने दार उघडत नाही, दारच काढून ठेवलं जातं. नाहीतर ‘कर्ल करून सरळ सुडो बॅशला द्या’, म्हणजे नेटवरची स्क्रिप्ट न वाचता ॲडमिन म्हणून चालवा. आधी फाइल उतरवा, ‘लेस’ने वाचा, दहा ओळी तरी डोळ्यांखालून घाला.

डेबियनमधली पॅकेजं शिळी असतात ही माझी जुनी तक्रार होती, आणि अजूनही थोडी आहे. पण मार्च २०२४ मधलं एक्सझेड (फाइली दाबायचं टूल) प्रकरण आठवा: ५.६.० आणि ५.६.१ मध्ये कोणीतरी मागचं दार घुसवलं होतं, आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या डेव्हलपरला एसएसएचचं लॉगिन अर्धा सेकंद जास्त घेतंय म्हणून संशय आला आणि सापडलं. डेबियनच्या टेस्टिंग आणि अनस्टेबल या कच्च्या शाखांत ती व्हर्जन पोचली होती, आपण वापरतो त्या स्टेबलमध्ये नाही. तेव्हापासून शिळं हा शब्द मी जरा जपून वापरतो.

बॅकअपला आरसिंक, फोल्डर कॉपी करणारी कमांड. मूळ फोल्डरच्या नावाशेवटी स्लॅश दिला तर फक्त आतलं जातं, नाही दिला तर फोल्डरसकट जातं. डिलीटचा पर्याय लावणार असाल तर आधी ड्राय-रन लावूनच बघा, काय काय उडणार ते यादीत दिसतं. टर्मिनलमध्ये कंट्रोल-आर दाबून जुनी कमांड शोधता येते, हे एक शिकलात तरी अर्धं टायपिंग वाचेल. ‘लास्ट’ ही कमांड मात्र १३ मध्ये काढलीय, कोण कधी लॉगिन झालं बघायला आता ‘डब्ल्यूटीएमपीडीबी’ घालावं लागतं, उगाचच.

मराठी टायपिंगला आयबस आणि एम१७एन ही पॅकेजं, त्यात इनस्क्रिप्ट आहे, गमभनही आहे. मी इनस्क्रिप्टवाला, मला पहिल्या दिवसापासून काही अडचण नाही.

पाचपैकी चार. एक स्टार /टेम्पने खाल्ला. तुमच्याकडे आठ जीबी असतील तर साडेचार धरा, आणि चार जीबीवर ओसीआर किंवा व्हिडिओचं काम करणार असाल तर मास्कची ती कमांड इन्स्टॉल करण्याआधी कागदावर लिहून ठेवा.