४३ इंची फोरके टीव्हीवर क्रिकेट आणि कबड्डी, दोन महिन्यांचा अनुभव

जुना ३२ इंची एचडी रेडी बेडरूममध्ये हलवला आणि हॉलमध्ये ४३ इंची फोरके आणला, कारण एकच, मॅच. पण पहिल्याच दिवशी मूड गेला. नेहमीचा एसडी, म्हणजे साध्या क्वालिटीचा चॅनल लावला तर बॉल म्हणजे नुसता पांढरा ठिपका, खेळाडूंचे चेहरे फडक्याने पुसल्यासारखे, हेच चित्र जुन्या टीव्हीवर बरं दिसायचं. साहजिक आहे, एसडीत ओळी येतात ५७६ आणि फोरके टीव्ही त्या ताणून २१६० करतो, मुळात नसलेलं तो आणणार कुठून!

मग स्पोर्ट्सचा एचडी पॅक घेतला आणि खरा फरक पडला तो तिथे. बाबा तरुणपणी कबड्डी खेळलेले, बोनस लाइन ओलांडताना रेडरचा मागचा पाय हवेत होता की टेकलेला, हे ते आता रिप्लेच्या आधी सांगतात.

दादाकडे त्याच साइजचा फुल एचडी आहे. त्याच्याकडे आठ फुटांवर बसून बघितलं तर चित्र जवळपास आमच्यासारखंच. आपले एचडी चॅनल १०८०आयवर येतात ना, म्हणजे ओळी फुल एचडीइतक्याच १०८०, आणि सेकंदाला ५० वेळा अर्धं अर्धं चित्र, एकदा विषम ओळी, एकदा सम. टीव्हीने ते नीट जोडलं नाही तर पळणाऱ्या फिल्डरच्या कडा करवतीसारख्या दिसतात, मग पॅनल फोरके असो नाहीतर अजून काही.

आणि स्पीड! ताशी १४० किमीचा बॉल सेकंदाच्या पन्नासाव्या भागात पाऊण मीटरच्या वर जातो, ॲपवर सेकंदाला २५ फ्रेमचं (चित्रांचं) स्ट्रीम असेल तर थेट दीड मीटरची उडी. आमच्या टीव्हीत मोशन स्मूदिंग (दोन चित्रांच्या मध्ये टीव्ही स्वतःच बनवलेली चित्रं घुसवतो ते) फुल करून आलेलं, त्यात बॉलला शेपूट फुटायची आणि कधी कधी तो बॅटजवळ गायबच व्हायचा, ते बंद केलं तेव्हा कुठे जिवात जीव आला.

माझं मत विचाराल तर ४३ पर्यंत चांगला फुल एचडी मिळाला तर खुशाल घ्या आणि उरलेले पैसे एचडी पॅकला लावा, ५५ च्या पुढे मात्र फोरकेच घ्या. दुकानात फुलं आणि समुद्राचे संथ व्हिडिओ लावलेले असतात, त्यावर जाऊ नका, त्यांना सेटटॉप बॉक्स जोडून लाइव्ह मॅच लावायला सांगा आणि चौका बसला की बॉल बाउंड्रीपर्यंत सलग दिसतो का ते बघा.