चालू धंदा घेतला, आकडे खोटे निघाले: पोलीस की दिवाणी दावा?
समजा चालू नाश्ता सेंटर घेतलं, विकणारा बोलला रोजचा गल्ला १५ हजार आणि ताबा घेतल्यावर कळलं ६ पण होत नाही. पहिला सल्ला सगळ्यांचा एकच, ठोक चारशेवीस! (१ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ झालंय, शिक्षा ७ वर्षांपर्यंत.) धाक बसतो हे खरं, पण सौदा करतानाच फसवायचा इरादा होता हे दाखवावं लागतं, नाहीतर ठाण्यात ‘हे सिव्हिल मॅटर आहे’ ऐकून घरी. शिवाय शिक्षा झाली तरी पैसे मिळतीलच असं नाही.

दिवाणी दावा रटाळ, कोर्ट फी वेगळी, तारखांवर तारखा. पण करार कायद्याच्या कलम १९ खाली करार रद्द करून पैसे परत मागता येतात, नाहीतर धंदा ठेवून भरपाई. मुदत साधारण ३ वर्षं, फसवणूक कळल्यापासून. मेख अशी की कळल्यावरही गुपचूप गल्ल्यावर बसून राहिलात तर रद्द करायचा हक्क जाऊ शकतो, म्हणून लेखी नोटीस लगेच.

मी तर दिवाणीच म्हणेन. दोन्ही सोबत करायला कायद्याची आडकाठी नाही, फक्त तो १५ हजारवाला व्हॉट्सॲप मेसेज डिलीट करू नका आणि त्याच्या जीएसटी रिटर्नशी ताडून बघा.