जांभ्या चिऱ्याचं घर, होम लोन न काढता: राहून झाल्यावरचा रिव्ह्यू

गाव लांजा तालुक्यात, राहणं डोंबिवलीत भाड्याने. गावच्या घराला चिरा (म्हणजे जांभा दगडाचा कापलेला ठोकळा), जुनं लाकूड आणि जुनी कौलं असा माल वापरला आणि कर्ज काढलं नाही, त्यामुळे गणपतीत जो येतो तो विचारतो की परवडलं का आणि टिकतंय का. तर आधी मार्क देऊन टाकतो, चिऱ्याला पाचात चार, जुन्या लाकडाला पूर्ण पाच, जुन्या कौलांना अडीच, आणि कर्ज न काढण्याला किती द्यायचे यावर आमच्या घरात अजून एकमत नाही, बायको वेगळे देते मी वेगळे देतो.

लोन न घेण्यात सुरुवातीला काही तत्त्व वगैरे नव्हतं हो. सातबारा सामायिक, त्यावर चुलते, चुलत चुलते, आत्या, वारलेल्या माणसांची पण नावं, असला कागद घेऊन गेलं की बँक दारात उभं करत नाही. दुसरीकडून कुठून तरी जमलं असतं पण हिशोब करून पाहिला, २० लाख ८.५ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतले तर हप्ता १७ हजार ३५६ आणि शेवटपर्यंत भरायचे साधारण ४१ लाख ६५ हजार, म्हणजे नुसतं व्याजच २१ लाखांच्या वर. एवढ्यात गावाला आणखी एक घर होतं. मधे पैसे अडकले तेव्हा मी बायकोला म्हटलं तुझ्या पाटल्यांवर गोल्ड लोन घेऊया, तर म्हणाली "गोल्ड लोन म्हणजे पण लोनच ना?" विषय तिथेच संपला.

आता चिरा. रोखीत बांधणाऱ्याला हा माल का सोयीचा आहे ते कुठला कॉन्ट्रॅक्टर सांगणार नाही कारण त्याला काम सलग हवं असतं. चिऱ्याचं काम थांबवता येतं! आरसीसीचं अर्धवट सोडलं की बाहेर आलेल्या सळ्या कोकणातल्या हवेत गंजायला लागतात. चिऱ्याची भिंत मात्र माथ्यावर प्लास्टिक टाकून वर दगड ठेवले की पावसाळा काढते, आणि बोनस किंवा भिशी लागली की पुढचे थर चढवायचे. खाणीतून नुकता निघालेला जांभा मऊ असतो, खोबऱ्याच्या वडीसारखा कापला जातो, मग हवा लागत गेली की त्यातलं लोखंड घट्ट धरतं आणि चिरा कडक होतो, म्हणून थोडा जुना पडलेला माल मिळाला तर उलट चांगलाच. आम्ही आधी जोतं, मग पैसे साठवून भिंती, मग परत थांबून छप्पर असंच केलं. खाणी पण पावसात बंदच असतात कारण खड्ड्यात पाणी भरतं, तेव्हा घाई करून तरी कुठे जाणार.

चिऱ्यासाठी सरकारी स्टँडर्ड आहे, आयएस ३६२०, त्यात म्हटलंय की चिऱ्याने वजनाच्या १२ टक्क्यांपेक्षा जास्त पाणी पिऊ नये आणि ताकद निदान ३.५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर हवी. खाणीवर हे सांगून बघा, चहा पाजून परत पाठवतील. तिथे गवंडी दोन चिरे एकमेकांवर आपटतो, खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला किंवा पांढरट मातीचे डाग दिसले तर बाजूला. खाण जितकी खोल जाते तितका जांभा मातकट होत जातो हे पण लक्षात ठेवा. आमच्या एका खेपेत खालच्या थराचा माल आला, गाडीतून उतरवतानाच कोपरे गळत होते, खाणवाल्याला फोन केला तर म्हणतो "भाऊ, गिलावा मारलास की दिसणार नाय." अहो गिलावा मारायचा नाही म्हणून तर जास्त पैसे देऊन मशीनचा चिरा घेतला! बरीच डोकेफोड झाल्यावर थोडे बदलून दिले, बाकीचे कंपाउंडला लावले.

एक मार्क कापला तो पश्चिमेच्या भिंतीसाठी. पाऊस तिकडूनच झोडपतो आणि चिरा पाणी पितो, पहिल्या पावसाळ्यात आतल्या बाजूला हात लावला की ओलं लागायचं आणि कपड्यांना वास. त्या बाजूच्या पडवीला तेव्हा पैसे नव्हते. पूर्वी लोक झाप म्हणजे माडाच्या विणलेल्या झावळ्या बांधायचे, आम्ही निळी ताडपत्री बांधली, दिसायला भिकार पण काम झालं. नंतर छपराचं पाखं पुढे घेऊन पडवी काढली आणि ओल गेली. तर बजेट कमी असेल तर खोली एक कमी करा पण पश्चिमेची पडवी कापू नका.

अजून एक खटकतं ते पण लिहितो, चिरा स्वस्त वाटतो कारण सड्याची, म्हणजे जिथून तो खणतात त्या जांभ्याच्या उघड्या माळाची, किंमत कोणी लावत नाही. रत्नागिरी-राजापूरकडची कातळशिल्पं याच जांभ्यावर कोरलेली आहेत, आणि खाण संपली की तो खड्डा तसाच उघडा राहतो, गुरं पडतात.

लाकूड वखारीतून घेतलं, जुन्या मोडलेल्या घरांचं. ऐन, किंजळ, थोडा फणस. इतकी वर्षं वाळलेलं की वाकायचं-पिळायचं नाव नाही. फक्त खिळे सगळे काढून घ्या नाहीतर रंध्याचं पातं जातं आणि सुताराची बोलणी खावी लागतात. आणि वासा उचलून बघा, दिसतो तेवढा जड लागला नाही तर आत वाळवीने खाल्लेला असतो.

कौलांचं म्हणाल तर मंगलोरी कौल १८६५ पासून बनतंय, बासेल मिशनवाल्यांनी मंगलोरला कारखाना काढला तेव्हापासून, आणि माल उत्तमच आहे, पण १८६५ मध्ये आमच्याकडचे वानर हिशोबात धरले नव्हते. जुनी कौलं आधीच तडकलेली, त्यावर टोळी नाचते, दर मे महिन्यात कौलं चाळायला, म्हणजे काढून फुटकी बदलून परत लावायला, माणूस आणायचा आणि माणूस मिळत नाही. नवीन घेतली असती तर थोडी तरी टिकली असती, पण वाचलेल्या पैशात सगळं वायरिंग झालं, त्यामुळे तक्रार अर्धीच.

राहिला कर्ज न काढण्याचा भाग. गाडी घेतली नाही, लग्नांना आहेराची पाकिटं बारीक झाली, हे सगळं चालतं, त्याचं काही वाटत नाही. पण इतकी वर्षं आम्ही डोंबिवलीत वन आरकेमध्येच काढली कारण जास्त भाडं म्हणजे तेवढे चिरे कमी. पोरगा बारावीला होता, त्याला अभ्यासाला वेगळी खोली हवी होती, तो जिन्यात बसून अभ्यास करायचा. गावच्या घरात त्याची खोली झाली, खिडकीतून आमराई दिसते, आणि तोपर्यंत तो हॉस्टेलला गेला होता. बायको मार्क देते ते इथे कापते आणि मला त्यावर बोलता येत नाही. शेजारच्याने लोन काढून दीड वर्षात स्लॅबचं घर उभं केलं, त्याची मुलं त्यात वाढली. हप्त्याच्या तारखेला तो टेन्शनमध्ये असतो हे खरं, पण मुलं वाढली ना.

त्यामुळे मुलं लहान असतील तर नुसत्या व्याजाचा आकडा बघून ठरवू नका. रिटायरमेंटसाठी बांधताय, घाई नाही, गावात कोणीतरी माणूस उभा आहे, तर चिरा डोळे झाकून घ्या, फक्त गाडी खाली होताना तिथे स्वतः थांबा. आमचं न्हाणीघर अजून कोब्यावरच आहे, टाइल्स पुढच्या बोनसला.