टेम्प्रानियो की गार्नाचा? आधी ताटात काय आहे ते बघा

टेम्प्रानियो आणि गार्नाचा ही स्पेनमध्ये पिकणारी काळी द्राक्षं, आणि त्यांच्या रेड वाइनचीही हीच नावं. कोकराचं मटण असेल तर मी डोळे मिटून टेम्प्रानियो उघडते. स्पेनच्या रिओहात द्राक्षवेलींच्या छाटलेल्या वाळक्या काड्या पेटवतात आणि ज्वाळा बसल्या की निखाऱ्यावर कोकराच्या लहान लहान चापा भाजतात. चरबी ठिबकते, धूर उठतो, कडा कुरकुरीत होतात. वर फक्त मीठ. चापा हातानेच खायच्या. टेम्प्रानियोच्या तुरटपणाने तोंडातला तेलकटपणा जातो, आणि मांसामुळे वाइनही मऊ लागते. इथे 'क्रिआन्सा' घ्यावी: किमान 2 वर्षं मुरवलेली, त्यातलं निदान 1 वर्ष ओकच्या पिंपात. पिंपाचा व्हॅनिलासारखा वास त्या धुराशी फार छान जुळतो.

गार्नाचाचा स्वभाव वेगळा. टेम्प्रानियो लवकर पिकतं (स्पॅनिशमध्ये 'तेम्प्रानो' म्हणजे लवकर), गार्नाचा उशिरा. उन्हात साखर भरपूर साठते, म्हणून अल्कोहोल सहज 14-15 टक्क्यांवर जातं. साल पातळ, तुरटपणा कमी, चव पिकल्या लाल फळांची. स्पेनच्याच आरागॉन प्रांतातलं टोमॅटो आणि लाल भोपळी मिरचीतलं 'चिलिंद्रोन' चिकन खावं ते हिच्याबरोबरच. ओकमध्ये मुरलेली टेम्प्रानियो त्या गोडसर रसावर जड होते.

आपल्या झणझणीत रश्श्याला मात्र दोन्ही नकोत, अल्कोहोलने तिखट आणखी भडकतं. बेताच्या तिखटाचं सुकं मटण असेल तर गार्नाचा घ्या, आणि बाटली आधी वीसेक मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. नाशिककडे आता टेम्प्रानियोही पिकते. ती मी तंदुरी चापांसाठी राखून ठेवते.