जुन्या विपीलांचे अभ्रे आणि पलंगपोस: दोन वर्षांच्या वापरानंतर

ग्वाटेमालातल्या आंतिग्वा शहरात भाड्याने घर घेतलं तेव्हा बैठकीच्या खोलीत पांढऱ्या भिंती आणि एक लाकडी बाक, एवढंच होतं. आज त्या बाकावर जुन्या विपीलांपासून शिवलेले सहा अभ्रे आहेत, पलंगावर विपीलांचे तुकडे जोडून केलेला पलंगपोस आणि जेवणाच्या टेबलावर कोर्ते नावाच्या वस्त्राची लांब पट्टी. दोन वर्षं सगळं रोजच्या वापरात आहे.

विपील म्हणजे ग्वाटेमालातल्या माया या मूळ रहिवासी समाजाच्या बायकांचा अंगरखा. मागाचं एक टोक झाडाला किंवा खांबाला आणि दुसरं स्वतःच्या कमरेला बांधून, अंगाच्या ओढीने ताणा घट्ट ठेवत बाई तो विणते. हात पोचतील तेवढीच कापडाची रुंदी, म्हणून एका विपीलला दोन किंवा तीन पट्टे जोडावे लागतात. पट्टा मागावरून उतरतो तो चारही कडा पक्क्या होऊनच. कात्री लागते ती फार तर गळ्यापुरती. नक्षी भरगच्च असेल तर असा एक विपील विणण्यात महिने जातात. म्हणून मला अभ्रा बघताना रंगांच्या आधी हे बघावंसं वाटतं, की कापड कुठे कापलंय आणि कापायची खरंच गरज होती का.

माझे पाच अभ्रे चिचिकास्तेनांगोच्या बाजारातले. बाजार गुरुवारी आणि रविवारी भरतो. सांतो तोमास चर्चच्या पायऱ्यांपासून थोडं आत किचे या माया समाजातल्या मायलेकींचं दुकान आहे. आई कापड निवडते, मुलगी शिवते. आईला मी दोन्या म्हणते, म्हणजे स्पॅनिशमध्ये आदराने ‘बाई’. दोन्या प्रत्येक विपील उजेडासमोर धरून बघते. खांदे आणि गळा विरलेला असेल तरच तो शिलाईच्या गठ्ठ्यात जातो. धडके विपील वेगळे टांगलेले असतात. त्यातला एक मला अभ्र्यांसाठी हवा होता, तर तिने सरळ नकार दिला. हा अजून कोणीतरी अंगात घालेल, म्हणाली. माझ्या लेखी या दुकानाची सगळ्यात मोठी जमेची बाजू ही.

मुलीची शिलाईही तितकीच विचाराने केलेली. नेबाख गावच्या विपीलवर पक्षी आणि घोडे असतात. तिने चेन पक्ष्यांच्या पायाशी लावली आहे, म्हणजे उशी कशीही टेकवली तरी चेन खाली आणि पक्षी उभे. दोन पट्ट्यांमधली मूळ शिवण उसवलेली नाही, ती अभ्र्याच्या बरोबर मधोमध येते. एका तुकड्यावर जुनं रफू आहे, वेगळ्या लाल दोऱ्याने केलेलं. ते तिने लपवलं नाही आणि मला तोच अभ्रा सगळ्यात आवडतो. आतून साध्या सुती कापडाचं अस्तर आहे. ते लागतंच, कारण नक्षीचे दोरे मागच्या बाजूला मोकळे सुटलेले असतात आणि त्यात नख किंवा अंगठी अडकली की नक्षी ओढली जाते. एका अभ्र्याला १७५ केत्साल (ग्वाटेमालाचं चलन) दिले. घासाघीस केली नाही.

पलंगपोसाला १,४०० केत्साल पडले, पण तो मी पुन्हा घेणार नाही. दिसायला देखणा आहे, पण आठ-दहा गावांचे तुकडे शेजारी शेजारी आले की एकाही गावाचं काही उरत नाही. तोदोस सांतोसचा लाल आणि सांतियागो आतित्लानचे भरतकामातले पक्षी, दोघांनाही भोवती मोकळी जागा हवी. शिवाय पहिल्याच धुण्यात लाल रंग शेजारच्या पांढऱ्यावर उतरला. थंड पाण्यात, हाताने, एकटाच धुवा आणि सावलीत वाळवा. उन्हात रंग विटतात.

कोर्तेची पट्टी मात्र डोळे झाकून घ्या. कोर्ते म्हणजे कमरेला गुंडाळायचं लांब वस्त्र, पायमागावर विणलेलं. साल्काहाकडचं हास्पे कापड, म्हणजे दोरा आधी बांधून रंगवायचा आणि मग विणायचा, टेबलावर फार शोभतं आणि दणकटही असतं. दोन पट्ट्यांना जोडणारी रंगीत टाक्यांची रांदा मधोमध येईल असा तुकडा मागा.

फसगतही झाली. आंतिग्वातल्याच एका चकचकीत दुकानात ‘जुना विपील’ म्हणून घेतलेला अभ्रा घरी येऊन उलटा केला, तर मागची बाजू पांढरी फटक. पॉलिएस्टरवर छापलेली नक्षी होती ती. २०१६ मध्ये माया विणकर बायका आपल्या नक्ष्यांच्या सामूहिक हक्कासाठी ग्वाटेमालाच्या घटनात्मक न्यायालयात गेल्या आणि २०१७ मध्ये न्यायालयाने संसदेला तसा कायदा करण्याकडे लक्ष द्यायला सांगितलं. तो अभ्रा हातात असताना त्या का गेल्या ते नीट कळलं.

एक गोष्ट मात्र मनात राहिली आहे. जुने विपील येतात कुठून, असं दोन्याला विचारलं होतं. आसपासच्या वाड्यांमधून, म्हणाली. काही बायका नवीन विणला म्हणून देतात आणि काही घरात औषधाला पैसे नसतात म्हणून. माझ्या पाचांतले कुठले कशामुळे आले, ते तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

सहावा अभ्रा सान अंतोनियो आग्वास कालिएंतेसच्या कापडाचा, तिथल्याच बाजारात घेतलेला. त्याला अस्तर नाही. आधी मला ती कसूर वाटली होती. गेल्या महिन्यात शेजारच्या आजी आल्या, त्या मूळच्या त्याच गावच्या. बाकावर बसण्याआधी त्यांनी तो उचलला, चेन उघडली आणि आतून बोट फिरवलं. आत तीच फुलं, तेच रंग, एकही दोरा मोकळा नाही. दोन्ही बाजूंनी सारखं विणायचं, ही त्यांच्या गावची रीत. ‘आमच्याकडचं’ एवढंच म्हणाल्या आणि तो पाठीशी न घेता मांडीवर ठेवून बसल्या.