पाय-होल: गणपतीपासून घरी चालू आहे, कसं वाटतंय ते सांगतो

लॅमिंग्टन रोडवरून आणलेला रास्पबेरी पाय झिरो 2 डब्ल्यू हा छोटासा कॉम्प्युटर, 512 एमबी रॅमवाला, बोरिवलीच्या घरी राउटरशेजारी पडलेला असतो आणि त्यावर फक्त पाय-होल, म्हणजे घरभरच्या जाहिराती अडवणारं सॉफ्टवेअर, चालतं. फोन, टीव्ही कुठलीही साइट उघडायच्या आधी तिचा पत्ता डीएनएसला (नावावरून आकड्यांचा पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरला) विचारतात ना, तो प्रश्न आता आधी याच्याकडे येतो, नाव जाहिरातवाल्यांच्या यादीत असलं की हा 0.0.0.0 असा कुठेच न नेणारा पत्ता सांगून मोकळा, जाहिरात डाउनलोडच होत नाही. मराठी बातम्यांच्या साइट परत वाचता यायला लागल्यात.

यूट्यूबच्या जाहिराती जातात का? नाही जात. व्हिडिओ येतो त्याच डोमेनवरून (म्हणजे साइटच्या नावावरून) जाहिरात येते, अडवायला गेलात तर व्हिडिओही गेला.

खरी मजा क्वेरी लॉगमध्ये, म्हणजे कोणी कुठला पत्ता विचारला त्या नोंदीत, आहे. टीव्ही रिमोटने बंद, आम्ही जेवायला बसलेलो आणि लॉगमध्ये टीव्हीच्या आयपीसमोर (नेटवर्कवरच्या त्याच्या नंबरासमोर) लाल, म्हणजे अडवलेल्या, ओळींवर ओळी, तेच एक डोमेन, नाही म्हटलं की लगेच परत विचारतो. त्यामुळे डॅशबोर्डवर किती टक्के अडवलं याचा स्क्रीनशॉट टाकून कोणी भाव खाऊ नये, त्यातला बराचसा एकट्या टीव्हीचा हट्ट असतो.

त्रास पण आहे. आईला मेसेजमध्ये आलेली कुरिअरची लिंक उघडेना, कारण ती मधे कुठल्यातरी ट्रॅकिंगच्या डोमेनवरून वळून जाते. तेव्हापासून घरात काहीही अडलं की "तुझा तो डबा बंद कर आधी". पाच मिनिटं बंद ठेवायची सोय आहे, सगळ्यात जास्त तीच वापरली जाते.

केबलवाल्याने दिलेल्या राउटरमध्ये डीएनएस बदलताच येत नाही, म्हणून त्याचं डीएचसीपी (घरातल्या फोन-टीव्हीला आयपी देऊन डीएनएस कुठला ते सांगायचं काम) बंद करून ते कामही पाय-होलला दिलं. तुमच्याकडे बदलता येत असेल तर दुसऱ्या रकान्यात "असू दे बॅकअप" म्हणून गूगलचा डीएनएस 8.8.8.8 टाकू नका, फोन मनाला येईल तेव्हा तिकडे जातो आणि मग जाहिराती कधी दिसतात कधी नाही, डोकं फिरतं.

यासाठी रास्पबेरी पाय 5 वगैरे घ्यायची काही गरज नाही, पैसे चांगल्या एसडी कार्डवर घाला, लॉग सारखा लिहिला जातो. लोकलमध्ये मोबाइल डेटावर मात्र याचा शून्य उपयोग, त्यासाठी वायरगार्ड या व्हीपीएनने बाहेरून घरच्या नेटवर्कला जोडायला लागतं आणि आमच्या केबलवाल्याकडे सीजीनॅट, म्हणजे बऱ्याच घरांना मिळून एकच पब्लिक आयपी, आमचा स्वतःचा नाहीच, त्यामुळे ते प्रकरण लटकलंय.